हरकत नाही

नाशिक, १४ जुलै २००२

भिमाजी,

वर 'श्रीयुत' आणि खाली 'आपला कृपाभिलाषी' असं रीतसर लिहिणार होतो. पण तुला पत्र प्रतिभाच वाचून दाखवणार, आणि तू म्हणणार, "हे कोणाला लिहिलंय भाऊसाहेबांनी?" म्हणून नुसतं नाव लिहिलं. प्रतिभा, सूनबाई, तुलाही सांगून ठेवतो. माझं अक्षर सुवाच्य आहे, तेव्हा लागत नाही म्हणून काही गाळू नकोस. आणि सासऱ्यांना सगळं एका दमात ऐकवू नकोस, पान संपलं की थांब.

तू सिन्नरला भावाच्या मळ्यात कायमचा राहायला गेलास हे मला गोरक्षच्या किराणा दुकानात कळलं. तीस वर्षं आपण रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे राहिलो आणि मला ते दुकानात कळावं? टेम्पो भरताना मी वरच्या खिडकीतून पाहिला, नाही असं नाही. पण त्या दिवशी गुडघा धरला होता, जिना उतरणं शक्य नव्हतं. सावित्री खाली आली होती ना? तिने फुलाबाईंना डबा दिला असं म्हणाली.

इथे ऊन फार लागतं. पाऊस सुरू झाला तरी मधूनच असं पडतं की सावित्रीने समोरच्या खोलीला जुन्या लुगड्यांचे पडदे लावलेत. मखमलाबादहून येणाऱ्या भाजीवाल्या आता आपल्या कोपऱ्यावर टोपल्या टेकत नाहीत, सरळ पुढे जातात. चौतीस झाडं होती. आता चौतीस बुंधे आहेत आणि ते उपटायला कोणाला सवड नाही.

मी काय कमी केलं, तूच सांग. रस्ता रुंद करायचा म्हणून फेब्रुवारीत झाडांना नोटिसा चिकटल्या, तेव्हा दुसऱ्याच दिवशी समिती कोणी काढली? दोनशे बारा सह्या घेतल्या, हरकतींचा मसुदा एकहाती केला, त्यात ऱ्हस्व-दीर्घाचीही चूक नव्हती. तरी झाडं गेली. खातं आपलं ऐकायचं नाही असं ठरवूनच बसलं होतं, याला तू काय करणार आणि मी काय करणार?

लोक बोलतात ते मनावर घेऊ नकोस. "तुमच्याच समितीच्या माणसाने लिहून दिलंय," असं तो इंजिनिअर करवतीच्या आवाजात ओरडला आणि गोरक्षने तुझं नाव घेतलं. तू पालिकेचा जुना माळी, आणि तुझा पोरगा भारत नेमका त्याच महिन्यात पालिकेत कायम झाला. एवढाच त्याचा पुरावा. बोलून बोलून दमतील.

सोबत जोडकार्ड पाठवतोय. उत्तराच्या अर्ध्यावर माझा पत्ता घातलेला आहे. प्रतिभाने दोन ओळी लिहून पेटीत टाकायचं, एवढंच काम.

रंगनाथ कुलथे


नाशिक, १९ मार्च २००३

भिमाजी,

जोडकार्ड आलं नाही. पोस्टात हरवलं असेल असं समजून दुसरं पाठवतोय.

परवा होळी झाली. यंदा पोरांनी लाकडं वखारीतून आणली. मागच्या वर्षी मागावीच लागली नव्हती. झाडं पडली मंगळवारी आणि होळी गुरुवारी, सगळ्या कॉलनीने फांद्या ओढून नेल्या. ओला कडुलिंब नुसता धुमसत होता. नारळ टाकायला मीही गेलो होतो. अध्यक्ष म्हणून पहिला नारळ माझ्या हातात दिला आणि मी तो टाकला. तू ओट्यावर बसून होतास. डोळ्यांत धूर जातोय म्हणून लोक डोळे पुसत होते, त्यात माझंही चालून गेलं.

परवा कपाट आवरताना बहात्तर सालची डायरी निघाली. आठवतंय ना? जुलैत तू रोपं लावलीस आणि पावसाने दगा दिला. मी पाटबंधारे खात्याच्या या कचेरीत नुकताच बदलून आलेला साधा कारकून. तू अर्ज घेऊन आलास, कोणाकडून तरी लिहून घेतलेला. रस्त्याच्या रोपांसाठी पाटातून रोज दोन पिंपं पाणी मिळावं. पिण्याच्या पाण्याचे हाल असताना झाडांना पाणी मागणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. साहेब दौऱ्यावर होते. मला अधिकार नव्हता, तरी मी समासात लिहिलं, "हरकत नाही," आणि खाली सही ठोकली.

तू विचारलंस, "काय लिव्हलं, भाऊसाहेब?"

मी वाचून दाखवलं. तू कागद डोळ्यांजवळ धरलास, जणू तुला वाचता येतं, आणि म्हणालास, "लय भारी अक्षर हाय. दोन शब्दांत चौतीस जीव वाचले."

साहेबांनी नंतर मला झापलं ते वेगळं. पण तेव्हापासून तो तुझा शब्दच झाला. चहा घेणार का म्हटलं की "आपली हरकत नाय." फुलाबाईंनी दुसऱ्यांदा पिठलंच केलं तरी "आपली हरकत नाय."

मला हसू येत होतं लिहिताना. आता येत नाही.

रंगनाथ


नाशिक, ३ सप्टेंबर २००३

भिमाजी,

सिंहस्थाची मोठी गर्दी ओसरली. ज्या गर्दीसाठी आपला रस्ता रुंद केला ती इकडून गेलीच नाही. पर्वणीच्या आदल्या दिवशी पोलिसांनी दोन्ही तोंडांना बांबू बांधले आणि रस्ता बंद केला. तीन दिवस त्या रुंद डांबरावर पोरं क्रिकेट खेळत होती. गोरक्ष म्हणाला, "यासाठी केला होता का अट्टहास?" मी म्हणालो, मला काय विचारतोस.

त्याने तुझी आठवणही काढली, बरी काढली नाही. मी दुसरा विषय काढला. दुसरा विषय काढण्यात मी हल्ली तरबेज झालोय.

तुझ्या झाडांतली तिसरी, ती वाकडी, जिला टांग्याची धडक बसून कमरेत बाक आला होता, तिच्या बुंध्याला पावसात फुटवा आला होता. वीतभर. मी रोज सकाळी बघून येत होतो. गेल्या आठवड्यात त्यावर फरशी बसली.

रंगनाथ


नाशिक, २२ मे २००४

भिमाजी,

फुलाबाई गेल्याचं भारतकडून कळलं. तो पालिकेच्या दारात भेटला, टोपी काढून बोलला, पण डोळ्यांकडे पाहिलं नाही. पोरगा रोज सिन्नरहून एसटीने येतो-जातो, वाळलाय.

मी दहाव्याला येणार होतो. सावित्री पुढे आली, तुला भेटली असेलच. तिला सांगितलं होतं की मी मागच्या गाडीने येतो. मी खरंच सीबीएसवर गेलो, भिमाजी. बाकावर बसलो. सिन्नरच्या तीन गाड्या लागल्या आणि तीन सुटल्या. चौथ्या गाडीच्या कंडक्टरने विचारलं, "बाबा, जायचं का नाही?" मी घरी आलो.

सावित्रीला वाटतं मला गर्दीत चक्कर आली. म्हणजे वाटत नाही, पण ती तसं म्हणते. झाडं पडली त्या वर्षापासून ती माझ्याशी घरातलं सगळं बोलते आणि एक गोष्ट सोडून बोलते.

फुलाबाईंच्या हातची मेथीची भाजी मी तीस वर्षं खाल्ली. त्यांनी कधी मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. त्यांच्याही कानावर लोकांचं बोलणं गेलं असेल ना? याचं उत्तर प्रतिभाने लिहिलं नाही तरी चालेल.

रंगनाथ


नाशिक, १९ नोव्हेंबर २००६

भिमाजी,

प्रतिभा, आज सावकाश वाच. आणि एक शब्दही गाळू नकोस. तुला लाज वाटेल, सासऱ्यांसमोर असलं काय वाचायचं म्हणून. तरी वाच. मला दुसऱ्या कोणाच्या तोंडून हे त्यांच्यापर्यंत पोचवता येत नाही, आणि मी समोर येऊन सांगण्याइतका धड माणूस नाही, हे साडेचार वर्षांत सिद्ध झालंय.

भिमाजी, ते लिहून देणारा माणूस मी.

आता सगळं क्रमाने सांगतो, नाहीतर मी पुन्हा विषय बदलेन.

आपल्या हरकतींची सुनावणी त्या वर्षी अकरा मार्चला होती. नऊ तारखेला संध्याकाळी उद्यान खात्याचा कारकून घरी आला. चांगला मुलगा, चपला बाहेर काढून आला. म्हणाला, "सर, तुमच्यासारख्या अनुभवी माणसाचा शेरा हवाय." सहा वर्षं झाली होती मला निवृत्त होऊन. सहा वर्षांत कोणी माझ्यापुढे कागद ठेवून शेरा मागितला नव्हता. लाइट बिल आणि लग्नाच्या पत्रिका सोडल्या तर माझ्यापुढे कागदच येत नव्हता. मी चष्मा लावला, खुर्ची टेबलाला ओढली, सावित्रीला चहा टाकायला सांगितला. पहिल्या पानावर होतं की अपरिहार्य कारणास्तव सुनावणी अकराऐवजी अठरा तारखेस घेण्यात येईल. त्यात काय हरकत असणार? मी समासात लिहिलं, "हरकत नाही." सही केली. खाली तारीख घातली, अध्यक्ष असं लिहिलं, आणि त्याखाली रेघ ओढली. रेघ फार छान आली होती.

कागद पाठपोट होता, भिमाजी. मागच्या बाजूला दुसरा मुद्दा होता. रस्त्याच्या रेषेत येणारी चौतीस झाडे काढण्याबाबत समितीचे म्हणणे.

अडतीस वर्षांच्या नोकरीत मी नव्या पोरांना एकच गोष्ट शिकवली. कागद उलटून बघा. एका पोराला मी यावरून रडवलं होतं, पेठहून आलेला होता, फकिरा नावाचा. आणि मी उलटला नाही.

इथवर ऐकून तू म्हणशील, चूक झाली, माणूस हाय. थांब. एवढंच असतं तर मी तुला त्याच दिवशी सांगितलं असतं.

अठरा तारखेला आपण अकरा जण गेलो. तू धुतलेली टोपी घालून आला होतास आणि झाडांची यादी तोंडपाठ करून ठेवली होतीस. कोणतं कधी लावलं, कोणाला कीड लागली, कोणाखाली कोण बसतं. आत अध्यक्षाने आधी एकट्याने यावं असं सांगितलं. मी उठलो तेव्हा तू म्हणालास, "जा भाऊसाहेब. तुम्ही हात लावला म्हंजे झालं काम."

आत अधिकाऱ्याने फाईल उघडून माझाच कागद माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, "समितीची हरकत नाही म्हणता, आणि बाहेर माणसं घेऊन बसलात. नक्की काय समजू?" मी कागद उलटला. मागची बाजू वाचली. मग पुन्हा पुढची, माझ्या सहीपर्यंत.

तो माणूस वाईट नव्हता. सगळ्यांना मी चार वर्षं सांगत आलो की खात्याने फसवलं. नाही फसवलं. त्याने मला पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाला, "चुकून झालं असेल तर खाली तसं लिहा. वरील शेरा नजरचुकीने दिला, तो रद्द समजावा. मी सगळ्यांसमोर वाचून दाखवतो आणि सुनावणी सुरू करतो." एका ओळीचं काम होतं. पेन खिशात होतं.

पण तो म्हणाला, सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. आणि मला दिसलं की गोरक्ष ऐकतोय, सावित्रीच्या भिशीतल्या बायका ऐकतायत, आणि तू ऐकतोयस. की कुलथे साहेबांनी कागद न वाचता सही केली. ज्या माणसाचा सगळा रुबाब अक्षरावर, त्याला कागद वाचता आला नाही. मी म्हणालो, "विचार करून कळवतो." मनात म्हटलं, दोनशे बारा सह्या आहेत, त्या पुढे माझा एक शेरा काय टिकणार. संध्याकाळी लिहून देईन. उद्या देईन.

बाहेर येऊन तुम्हाला सांगितलं, "ऐकून घेतलं त्यांनी. निर्णय कळवतील." तू हात जोडलेस. मला नाही, आतल्या दाराला.

आठ दिवस होते माझ्याकडे. आठ दिवस मी रोज सकाळी तो मसुदा केला आणि रोज फाडला. कधी 'नजरचुकीने' बरोबर वाटेना, कधी 'अनवधानाने.' शब्द निवडत बसलो, भिमाजी. सव्वीस तारखेला करवती आल्या.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तू वाकडीला पाठ लावून उभा राहिलास. इंजिनिअर ओरडला. गोरक्षने तुझं नाव घेतलं. तू त्याच्याशी भांडला नाहीस, गर्दीतून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "भाऊसाहेब, तुम्ही सांगा यांना. मला लिव्हता येतं का?" कोणीतरी म्हणालं, अंगठा तर येतो ना.

आणि मी म्हणालो, "आता झालं ते झालं. चर्चा नको."

हे दोन शब्दांचं वाक्य कोणी मला शिकवलं माहीत नाही. 'चर्चा नको.' त्यानंतर लोकांना पुरावा लागला नाही. अध्यक्षच जुन्या मित्राला पाठीशी घालतायत, एवढंच सगळ्यांना दिसलं. माझं नाव उलट वाढलं. मोठ्या मनाचे म्हणून.

टेम्पो भरला त्या दिवशी माझा गुडघा दुखत नव्हता.

तू विचारशील, आजच का सांगतोय. तेही सांगतो, म्हणजे मला फार चांगला समजणार नाहीस. पाटाच्या पुलापलीकडचे चार शिरीष तेव्हा रेषेच्या बाहेर होते म्हणून वाचले. आता त्यांना नोटीस लागली आहे. तुझ्या जुन्या खोल्यांच्या जागी इमारत झाली, तिच्यात पल्लवी नावाची मुलगी राहते, कॉलेजात जाते. ती आली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही पूर्वी लढला होतात ना? आम्हाला जुनी फाईल हवी आहे. माहितीच्या अधिकारात अर्ज करायचाय. तुम्ही लिहून द्याल?"

मला म्हणता आलं असतं, डोळे गेलेत. चुकीचा फाईल नंबर घालता आला असता, माझ्याशिवाय कोणाला कळलं नसतं. सावित्री दारात उभी होती. तिने नुसता टेबलावरचा चष्मा उचलून माझ्या हातात दिला. मी अर्ज लिहिला. वर्ष घातलं, नंबर घातला, आणि शेवटी लिहिलं, 'सर्व कागदपत्रांच्या दोन्ही बाजूंच्या प्रती मिळाव्यात.' माझ्या हातचा सगळ्यांत चांगला मसुदा तो असेल.

तीस दिवसांत प्रत येईल. पंधरा झाले. म्हणजे मी पकडला जाणार म्हणून कबूल करतोय का? रोज विचार करतो आणि रोज वेगळं उत्तर येतं. पण एक नक्की. ती प्रत येण्याआधी तुला माझ्याकडून कळावं. रविवारी पल्लवीच्या घरी बैठक आहे, तिथे सगळ्यांना सांगणार आहे.

माफी मागायची तर कशाकशाची मागू? झाडांची मागितली तर फुलाबाईंची राहते. त्या मळ्यात परक्यासारख्या राहिल्या आणि तिथेच गेल्या. मी सीबीएसवर बसून होतो.

आणखी एक. तीस वर्षं मी तुला 'तू' म्हणालो आणि तू मला 'तुम्ही'. तू माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहेस. मला कधी ते खटकलं नाही. आज लिहिताना खटकलं.

जोडकार्ड ठेवलं आहे. आलं नाही तरी पोस्टाला दोष देणार नाही.

रंगनाथ


नाशिक, २७ नोव्हेंबर २००६

भिमाजी,

काल सांगितलं. बसून सांगता येईना म्हणून उभा राहिलो. नवीन लोकांना काही कळलं नाही. त्यांना तू कोण हेच माहीत नाही, ते म्हणाले, "काका, होतं असं." जुने पाच-सहाच होते. त्यांनी नजरा खाली घातल्या. सावित्री भिंतीला टेकून बसली होती, ती मात्र पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघत होती.

गोरक्ष जिन्यात माझ्याबरोबर उतरला. खाली आल्यावर म्हणाला, "मी भिमाजीला चारचौघांत बोललो होतो. तुम्ही शेजारी उभे होते." मी हो म्हणालो. तो म्हणाला, "मग मी आता कोणाच्या पाया पडू, ते तुम्हीच लिहून द्या." आणि दुकानात गेला. आज सकाळी मी दूध आणायला गेलो तर त्याने पिशवी दिली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

चार शिरीषांची हरकत मी लिहिली. चार पानं झाली. पल्लवीने विचारलं, "सुरुवात कशी करायची?" मी म्हणालो, पहिल्या ओळीत दोनच शब्द घाल. 'हरकत आहे.' एवढ्या नोकरीत मी हे कधी लिहिलंच नव्हतं. निकाल लागायचा आहे.

रंगनाथ


नाशिक, १६ जानेवारी २००७

भिमाजी,

संक्रांतीच्या टपालात तुझं कार्ड आलं. माझ्याच अक्षरातला माझाच पत्ता पाहून आधी वाटलं, परत आलं. मग उलटलं. आता मी सगळं उलटून बघतो.

प्रतिभाने लिहिलंय की पहिली चार पत्रं तू ऐकलीस आणि काही बोलला नाहीस. पाचवं दोनदा वाचायला लावलंस. मग दीड महिना त्याचं नाव काढलं नाहीस, आणि भोगीच्या आधी तिला म्हणालास, कार्ड काढ. तू बोललास तसंच तिने उतरवलंय, एक मात्रा बदललेली नाही. मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय.

'त्याला लिव्ह, मला ठाव हाय. भारतनी होळीच्या दुसऱ्या दिवशीच कागद पाह्यला. तो तुझ्या दारात येऊन बोंबलनार होता. म्याच त्याला गप बसवला. म्हनलं, भाऊसाहेबाकडं अक्षर हाय, दुसरं काय हाय? ते गेलं तर त्यो काय करील. आपलं नाव गेलं तरी आपल्याला झाडाला पानी घालता येतं. म्हनलं, त्यो येईल आपणहून. दहा पावलांचा रस्ता. तीन महिने ओट्यावर बसलो. फुला म्हनायची, चला आता. मंग गेलो.'

खाली प्रतिभाने आपल्या मनाने लिहिलंय, 'काका, "त्याला"ऐवजी "त्यांना" लिहू का असं मी विचारलं, तर दादा, म्हणजे सासरे, म्हणाले, "त्याला"च लिही.'

चौतीस वर्षांत तू मला पहिल्यांदा अरे-तुरे केलंस. रागाने की जवळिकीने हे मी ठरवत नाही. दोन्ही असेल तर दोन्ही घेतो.

म्हणजे त्या तीन महिन्यांत तू रोज संध्याकाळी ओट्यावर बसायचास ते माझी वाट बघत. आणि मी वरच्या खिडकीतून बघायचो आणि सावित्रीला म्हणायचो, भिमाजी आपल्यावर रागावून बसलाय. ती म्हणायची, जाऊन विचारा. समोरचा रस्ता तेव्हा अजून अरुंद होता.

कार्डाच्या कडेला, जागा उरली नाही म्हणून आडवं, शेवटचं वाक्य आहे. 'त्याला यायचं तर येऊ दे. पण माझ्यापाशी झाडांचं बोलायचं नाय. एक शब्द नाय. कबूल हाय का इचार.'

शिरीषांचा निकाल परवाच लागला. तुला तेवढं तरी सांगावं असं फार वाटत होतं. सांगत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी या पानाच्या अगदी वर, पहिल्याच ओळीत लिहून टाकलं होतं. हाताला सवय आहे, डोक्याआधी तो लिहितो. ते दोन शब्द खोडले आहेत. कागद उजेडात धरला तर प्रतिभाला दिसतील, तिने तुला वाचून दाखवू नयेत.

कबूल आहे. मंगळवारी येतो, पहिल्या गाडीने.

रंगनाथ